शिट्टी वाजवण्याआधी

चौतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातल्या बहुतेक संध्याकाळी मैदानावर घालवल्या. या काळात पुष्कळ नवे शब्द शिकलो. काही माडिया होते, काही डॉक्टरांकडून कळलेले. सोडला मात्र एकच, 'आळशी'. तो का सोडला हे सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे. नव्याने आश्रमशाळेवर नेमणूक झालेल्या, गळ्यात पहिल्यांदाच शिट्टी अडकवलेल्या एखाद्या तरुण शिक्षकाच्या यातलं काही उपयोगी पडलं, तर लिहिल्याचं सार्थक होईल.

१९८४ च्या जुलैत मी एटापल्ली तालुक्यात रुजू झालो. चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, म्हणजे जिल्ह्यालाच अजून दोन वर्षं पुरी व्हायची होती. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली होती, गणितही शिकवू शकत होतो. नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हा घरी कुणी पेढे वाटले नाहीत. आईने घोंगडी दिली आणि मच्छरदाणी.

आलापल्लीहून एटापल्ली साधारण तीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना साग आणि वर भरून आलेलं आभाळ. वाटेत नाल्यावरून पाणी चाललं होतं म्हणून बस थांबली ती अडीच तास. प्रवासी खाली उतरले, कुणी विडी पेटवली, कुणी पोराला मांडीवर झोपवलं. 'कधी निघणार' असं कुणीही विचारलं नाही. घड्याळ बघणारा मी एकटाच होतो. पाणी उतरलं, वाहकाने घंटी दिली, आम्ही निघालो. पाण्याचा वेळ पाणी ठरवतं हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पोरांचा वेळ पोरं ठरवतात हे समजायला मात्र बरीच वर्षं गेली.

शाळा कवेलूची होती. वर्गातली बहुतेक मुलं माडिया. त्यांना पुस्तकातली मराठी परकी आणि मला त्यांची भाषा. मी शिकलेला पहिला माडिया शब्द 'एर', म्हणजे पाणी. खेळून दमलेलं पोरगं तोच शब्द आधी म्हणतं. शाळेच्या लोखंडी पेटीत एक फुटबॉल होता, त्याचं ब्लॅडर वाळून कडक झालेलं. आलापल्लीहून नवं ब्लॅडर मागवलं, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि त्या संध्याकाळी चाळीस मुलं एका चेंडूमागे धावली.

गोलपोस्ट बांबूचे. नियमाप्रमाणे दोन खांबांत ७.३२ मीटर अंतर आणि उंची २.४४ मीटर. खांब दरवर्षी वाळवी खायची, म्हणून दर जूनमध्ये नवे खड्डे आणि नवे बांबू. काही वर्षांनी तर माझी मुलं नुसत्या नजरेने बरोबर मापाचा बांबू तोडून आणायला लागली. मैदान आखायला फक्की कधी मिळायची, कधी नाही. वसतिगृहाच्या चुलीत राख मात्र रोज असे. दोन मुलं टोपलीभर राख आणत, दोन खुंट्यांना सुतळी ताणत आणि तिसरा मुलगा वाकून मुठीतून राख सोडत सोडत मागे सरके. करड्या रंगाची सरळ रेघ उमटायची. रात्री पाऊस आला की सगळं धुऊन जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली, पुन्हा सुतळी. मी कधी सांगितलं नाही तरी ती रेघ आखायला पोरांमध्ये चढाओढ असायची.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझ्या तोंडी एकच वाक्य असे, "आवाज द्या रे!" फुटबॉलमध्ये बोलावं लागतं. पास हवा तर हाक मारा, मागे माणूस आला तर ओरडा. मला तसंच शिकवलं होतं. आमची मुलं मात्र मुकाट खेळायची. मी त्यांना बुजरे म्हणायचो. जो ओरडणार नाही त्याला बाहेर बसवायचो. मग ती हाका मारायची, पण माझ्याकडे बघत, शिक्षा चुकवायला. खेळ आणखीच बिघडला.

एका उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला गावी बोलावलं. बांडिया नदीचं पाणी आटलं होतं, डोहात मासे धरायचे होते. बायका, पुरुष, पोरं, तीसेक माणसं कमरेएवढ्या पाण्यात रांगेने उभी राहिली. हातात जाळी आणि टोपल्या. कुणी हुकूम दिला नाही, कुणी ओरडलं नाही. प्रत्येकाचं लक्ष शेजारच्याच्या खांद्याकडे. एकाने पाऊल टाकलं की सगळी रांग पाऊलभर पुढे. मध्ये खिंड पडली की दोन्हीकडची माणसं आपोआप आत सरकायची. माझ्या संघात मागे खेळणारी दोन मुलं त्याच रांगेत होती. मैदानावर मी ज्यांना 'लाइन धरा, लाइन धरा' म्हणून घसा फोडून सांगत होतो, तीच मुलं इथे कुणी न सांगता लाइन धरून होती.

शाळा उघडल्यावर मी त्यांना इतकंच म्हटलं, "डोहात धरता तशी रांग धरा." आणखी काही सांगावं लागलं नाही. पुढची कितीतरी वर्षं आमची मागची फळी तालुक्यात कुणाला सहज फोडता आली नाही. हाका मारायला ती मुलंही शिकली, पण गरजेपुरत्या. ती बुजरी नव्हती. तिथे ओरडायचं कशासाठी, हे त्यांना कुणी पटवून दिलं नव्हतं. ते माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

गणिताच्या वर्गातली एक आठवण इथेच सांगतो. बोरीच्या काट्याने एक चेंडू पार निकामी झाला. फेकून देण्याऐवजी मी तो वर्गात नेला आणि ब्लेडने टाके उसवले. तुकडे जमिनीवर मांडले. मुलांनी मोजले, बारा काळे पंचकोन, वीस पांढरे षटकोन, एकूण बत्तीस. मग मी विचारलं, शिवणी किती? कुणी एकेक मोजू लागलं, चुकलं, पुन्हा मोजू लागलं. कोपऱ्यात बसणारी सातवीची एक मुलगी फळ्याशी आली. बारा पंचे साठ, वीस सक एकशेवीस, मिळून एकशेऐंशी. दोन कडा जोडून एक शिवण होते, म्हणून अर्धे. नव्वद. तिने खडू ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मॅचबी नव्वद मिनिटांची राहते." तो नुसता योगायोग, पण वर्ग हरखून गेला. त्या मुलीला तोवर गणितात कधी पंधराच्या वर गुण मिळाले नव्हते. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे मीच लिहिलं होतं, 'लक्ष देत नाही'. ती ओळ मी त्या दिवशी खोडली.

आता ज्या प्रसंगाने मी खरा बदललो तो सांगतो. तो सांगणं सोपं नाही.

१९९६ चा हिवाळा. तेरा वर्षांचा एक मुलगा डाव्या बगलेवर खेळायचा. पहिली दहा मिनिटं त्याला धरणं कुणाच्या आटोक्यात नसे. मग तो एकदम मैदानाकडेच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "पाय दुखते, सर." रोज तेच. मला वाटलं, गुण आहे पण कष्ट नकोत. एका पहाटे, डिसेंबरच्या थंडीत, सगळ्या मुलांसमोर मी त्याला आळशी म्हटलं आणि मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. त्याने मारल्या. शेवटची फेरी त्याने पाय ओढत पुरी केली. मी शिट्टी वाजवून इतरांना म्हटलं, "बघा, मनात आणलं की जमते."

त्या रात्री वसतिगृहातून बोलावणं आलं. मुलगा अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन तळमळत होता. हातपाय, छाती, पाठ, सगळं दुखत होतं. अंगात ताप. जीप मिळवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून गडचिरोलीला, सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त. आमच्या मांडीवर आडवा झालेला तो मुलगा रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला कण्हत होता. तिथे रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावून सांगितलं. सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, त्या याच्या अंगात विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि असह्य दुखतं. आई आणि बाप दोघांकडूनही तो दोष आला तर मुलाला आजार होतो. दोघे नुसते वाहक असले तरी प्रत्येक अपत्याच्या वेळी ती शक्यता चारात एक. थंडी, कमी पाणी आणि अतिश्रम यांनी दुखणं उसळतं. मी त्याला एका सकाळी तिन्ही दिलं होतं.

शुद्धीवर आल्यावर तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "मी सांगलो होतो ना सर, पाय दुखते म्हणून."

त्याने खरंच सांगितलं होतं. एकदा नाही, दहा वेळा. ऐकायचं काम माझं होतं.

पुढे मी त्या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात तो घरोघरी आहे. मला शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एकाही पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. २०२३ च्या जुलैत त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ चं लक्ष्य ठरलं, ते वाचून बरं वाटलं. पण मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाला एवढी वाट बघता येत नाही. मी माझ्यापुरते नियम केले. मुलगा 'दुखते' म्हणाला की तो थांबणार, चर्चा नंतर. दर वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी. कडाक्याच्या थंडीत पहाटेचा सराव बंद. शिक्षा म्हणून धावणं कायमचं बंद. आणि आरोग्य पथक शाळेत आलं की एकाही मुलाची तपासणी चुकू द्यायची नाही.

तो मुलगा पुन्हा बगलेवर खेळला नाही. पण मैदान त्याने सोडलं नाही. मी त्याला एक वही दिली. कोण कितव्या मिनिटाला दमतो, कोण कोणत्या पायाने चुकतो, कोण सारखा डोळे चोळतो, सगळं तो टिपायचा. त्या वहीमुळे आम्हाला एका गोलरक्षकाला चष्मा हवा आहे हे कळलं, आणि दुसऱ्या एकाला सकाळी उपाशी खेळायची सवय आहे हेही. आज त्या मुलाने चाळिशी ओलांडली आहे. औषधं चालू आहेत. दर दिवाळीला भेटायला येतो. वही अजून माझ्याकडे आहे.

हरण्याबद्दलही लिहायला हवं, कारण आम्ही बऱ्याचदा हरलो. एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेत बूट सक्तीचे होते. आमची मुलं अनवाणी खेळणारी. आयत्या वेळी कॅनव्हासचे बूट आले, मापं जुळत नव्हती. कुणाला बोटं दुमडून घालावे लागले, कुणी पुढे चिंध्या कोंबल्या. समोर मुलचेरा भागातला बंगाली मुलांचा संघ. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्या भागात वसवलं, आणि त्यांनी येताना आपल्याबरोबर फुटबॉलचं वेड आणलं. आम्ही सात गोलांनी हरलो. मी मुलांना म्हणालो, "घाबरलात तुम्ही."

मैदानाच्या कडेला एक म्हातारे बंगाली गृहस्थ बसले होते. ते उठून आले, मला 'मास्टरमोशाय' म्हणाले आणि बोटाने मुलांच्या पायांकडे दाखवलं. मुलांनी बूट काढून ठेवले होते. टाचांची सालं निघाली होती, दोघांच्या अंगठ्यांतून रक्त येत होतं. पूर्ण सामना मी बाजूला उभा होतो आणि ते मला दिसलं नव्हतं. त्या परक्या माणसाला दिसलं.

मग ते आमच्या मुलांमध्ये उकिडवे बसले आणि १९११ ची गोष्ट सांगितली. कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात २-१ ने हरवलं, तेव्हा त्यांच्या अकरापैकी एकाच्याच पायात बूट होते. परत आल्यावर मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून एका गोलाने हरले. त्या संघाचा कर्णधार तालिमेरेन आओ नागा टेकड्यांतला मुलगा, पुढे डॉक्टर झालेला. पण गोष्टी सांगून भागत नाही. जुने-पुराणे का होईना, प्रत्येकाच्या मापाचे बूट मिळवले आणि आठवड्यातले दोन दिवस चिखलात बूट घालूनच सराव केला. पुढच्या वर्षीही त्याच संघाकडून हरलो, पण एकाच गोलाने.

वसतिगृहातून पळून जाणारी मुलं हा दरवर्षीचा विषय. शाळेत येऊन आठ दिवस झालेलं सहा-सात वर्षांचं पोर जंगलातून चालत आपलं गाव गाठतं. आधी मी असल्या मुलांना आणून दम द्यायचो. नंतर गावी जाऊन बसायला लागलो. कुणाच्या घरी लहान भावंड तापाने फणफणलेलं असायचं. कुणाला रात्री चाळीस मुलांच्या खोलीत झोप यायची नाही. मार्चमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. घरच्या कमाईच्या या दिवसांत मुलांचे हात लागतात. आमच्या शालेय स्पर्धा नेमक्या रोवणीच्या मागेपुढे सुरू होतात. हे वेळापत्रक मुलांनी केलेलं नाही. मी सरावाचं वेळापत्रक गावाच्या कामांकडे बघून लावायला लागलो, तेव्हा गैरहजेरी निम्म्यावर आली.

मुलींचा संघ २००६ च्या सुमारास उभा राहिला. तोवर तो का उभा केला नाही, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मुलींनी मागितलं नाही असं मी म्हणायचो, पण मीही विचारलं नव्हतं. आमची सगळ्यात भरवशाची बचावपटू सणाला गावी गेली ती परतली नाही. स्पर्धा चार दिवसांवर. गावी गेलो तर कळलं, ती गावाच्या कडेला कुर्माघरात आहे. पाळीच्या दिवसांत माडिया बायका-मुलींनी तिथे वेगळं राहायचं, ही चाल. ती मला चुकीची वाटत होती, आजही वाटते. पण त्या दिवशी मी भाषण दिलं नाही. अंगणात बायकांमध्ये बसलो. एका म्हाताऱ्या आजीने मला उलट प्रश्न केले. परगावी पोरी रात्री कुठे निजतात? अंघोळीला आडोसा आहे का? कुणाच्या पोटात दुखलं तर सांगायला सोबत बाई आहे का? एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नाही. ती मुलगी त्या वर्षी खेळली नाही आणि आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. पुढच्या वर्षी मी त्या गावाला विनंती केली आणि दोन बायका संघासोबत आल्या. मुली सगळ्या आल्या. कुर्माघर त्यामुळे बंद झालं असं नाही. पण त्या मुलींनी पाळीबद्दल आपल्या बायकांशी आणि बायकांनी आमच्या शिक्षिकांशी बोलायला सुरुवात केली.

काही गोष्टींपुढे माझं काही चाललं नाही. जुलै संपता संपता नक्षलवाद्यांच्या बंदचा आठवडा आला की रस्ते ओस पडायचे, बस यायची नाही, आणि सामना न खेळताच आम्ही बाद व्हायचो. एका वर्षी मुलांनी त्याच दिवशी, त्याच वेळी, आपल्याच मैदानावर राख आखून आपसांत सामना खेळला. आणि एक गोष्ट सांगताना आजही घशाशी येतं. माझ्या एका संघात मागे शेजारी-शेजारी खेळणारी दोन मुलं पुढे बंदुकीच्या दोन बाजूंना गेली. एक आज नाही. दुसरा मला भेटला तेव्हा आम्ही चेंडूबद्दलच बोललो, दुसरं काही बोलता आलं नाही. मी त्यांना रांग धरायला शिकवलं असं मला वाटायचं. मैदानाबाहेर त्यांना कुठली रांग मिळाली, ते माझ्या हातात नव्हतं. तरीही कधी कधी वाटतं, मी आणखी थोडं विचारायला हवं होतं.

राज्यस्तरावर आमचा संघ कधी जिंकला नाही. मुलं पोलिसात गेली, वनरक्षक झाली, शिक्षक झाली, बरीचशी आपल्या शेतात आहेत. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्या देशात भरला. भारत कोलंबियाकडून २-१ ने हरला, पण तो एक गोल मणिपूरच्या जॅक्सन सिंगने केला, फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला. वसतिगृहाच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेल्या मुलांतलं एक म्हणालं, "सर, मणिपुरातबी जंगल आहे का?" मी म्हटलं, "आहे, डोंगरही आहे." त्याने मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागलं. त्या एका प्रश्नासाठी मला सगळी वर्षं कारणी लागल्यासारखी वाटली.

२०१८ ला निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी माझी शिट्टी मी एका जुन्या विद्यार्थ्याला दिली. तो आता त्याच मैदानावर मुलांना खेळवतो. गेल्या वर्षी तिकडे गेलो तेव्हा संध्याकाळचा सराव चालू होता. मी मोहाच्या झाडाखाली बसलो. एक लहानगा खेळता खेळता थांबला आणि राखेच्या रेघेबाहेर जाऊन बसला. डाव अर्धवट राहिला, बाकीची मुलं ओरडू लागली. त्या शिक्षकाने शिट्टी ओठांपर्यंत नेली होती. त्याने ती खाली सोडली, चालत गेला आणि त्या मुलाशेजारी जमिनीवर बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मुलाने पाय पुढे केला. शिक्षकाने सदऱ्याची पिन काढली, तळव्यातला काटा हलक्या हाताने उकरून काढला आणि त्याला दाखवला. मुलाने तो हातात घेऊन पाहिला, टाकून दिला आणि मैदानात धावला.

मग शिट्टी वाजली.